यानातली अणुभट्टी बिघडली तर यात्रींनी काय करायचं?

प्रश्न असा आहे: मंगळाकडे निघालेल्या यानाला अणुभट्टीतून वीज मिळते आहे आणि वाटेत भट्टीत बिघाड होतो. यात्री काय करू शकतील? सिनेमात दाखवतात तसा भट्टीचा गाभा, म्हणजे इंधन असलेला भाग, सोडवून अवकाशात फेकून देता येईल का? आणि यात्रींमध्ये अणुभट्टीचा माणूस असायलाच हवा का?

मी सव्वीस वर्षं 220 मेगावॉटच्या जड पाण्याच्या भट्ट्यांवर काढली, त्यातली बहुतेक कंट्रोल रूममध्ये, शिफ्टमध्ये. चालू अणुभट्टी सोबत घेऊन माणूस अजून अवकाशात गेलेला नाही, त्यामुळे हा अनुभव कोणाच्याच गाठीला नाही. माणसाविना मात्र भट्ट्या गेल्या आहेत. अमेरिकेची एक आणि सोव्हिएत संघाच्या तीसहून जास्त. त्यांच्यावर काय काय गुदरलं ते नोंदलेलं आहे. जमिनीवर आम्ही जे शिकलो ते त्याच्याशी जोडून सांगतो.

भट्टी बंद करणं हा या सगळ्यातला सर्वांत सोपा भाग आहे. आमच्या भट्टीत न्यूट्रॉन शोषून घेणाऱ्या कॅडमियमच्या छड्या वर टांगलेल्या असतात. ट्रिपचा, म्हणजे भट्टी तातडीने बंद करण्याचा, सिग्नल आला की छड्या धरून ठेवणारा क्लच सुटतो आणि छड्या आपल्या वजनाने गाभ्यात पडतात. वीज गेली तरी पडतात, उलट वीज गेली म्हणूनच पडतात. यानात पडायला ‘खाली’ असं काही नसतं. म्हणून तिथल्या भट्टीची रचनाच निराळी. गाभा लहान असतो, बादलीएवढा, आणि भोवती बेरिलियमचे परावर्तक असतात. गाभ्यातून निसटणारे न्यूट्रॉन ते परत आत ढकलतात, तेव्हाच भट्टी चालते. परावर्तक फिरवले किंवा बाजूला केले की न्यूट्रॉन बाहेर निघून जातात आणि युरेनियमचे अणू एकामागून एक फुटण्याची साखळी तुटते. हे काम स्प्रिंगकडे दिलेलं असतं. स्प्रिंग ताणून धरायला वीज लागते, सुटायला लागत नाही.

अमेरिकेची ती एकुलती एक भट्टी, स्नॅप-10ए, अशीच बंद झाली. 3 एप्रिल 1965 रोजी ती कॅलिफोर्नियातून उडाली, सुमारे 500 वॉट वीज देत होती. 43 दिवसांनी यानातला व्होल्टेज रेग्युलेटर बिघडला, चुकीचा सिग्नल गेला आणि परावर्तक सुटून बाजूला झाले. भट्टीत काहीही बिघडलेलं नव्हतं. ही हकीकत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला हसू आलं नाही, ओळख पटली. माझ्या नोकरीत जितक्या वेळा भट्टी ट्रिप झालेली पाहिली, त्यातल्या बहुतेक वेळा दोष बाहेर होता: ग्रिडमध्ये, एखाद्या रिलेत, सैल झालेल्या वायरीत. म्हणून यानात अलार्म वाजला तर माझा पहिला संशय भट्टीवर जाणार नाही, वीजपुरवठ्यावर आणि उपकरणांवर जाईल. आता दुरुस्ती कोण करणार? स्नॅप-10ए परत कधीच सुरू झाली नाही. ती आजही सुमारे 1300 किलोमीटर उंचीवर फिरते आहे आणि अजून हजारो वर्षं फिरेल.

भट्टी बंद झाल्यावर खरं काम सुरू होतं, कारण साखळी थांबली तरी उष्णता थांबत नाही. युरेनियमचे तुकडे झालेले असतात, ते तुकडे स्वतःच किरणोत्सारी असतात, आणि क्षय पावताना तापत राहतात. आम्ही त्याला डीके हीट म्हणतो, मराठीत शेष उष्णता म्हणूया. पुष्कळ जण तापलेल्या तव्याची उपमा देतात. ती अपुरी पडते, कारण तवा फक्त निवत असतो. इथे राखेखाली निखारे आहेत आणि ते नवी उष्णता तयार करत आहेत. बराच काळ पूर्ण शक्तीवर चाललेली भट्टी बंद केली की त्या क्षणी साडेसहा टक्क्यांच्या आसपास उष्णता उरते. तासाभराने ती दीड टक्क्याच्या आत-बाहेर येते, दिवसाने जेमतेम अर्धा टक्का. यानाची भट्टी 1 मेगावॉट उष्णता देणारी धरा. बंद केल्यावर लगेच 60 किलोवॉटच्या वर उष्णता, म्हणजे घरातले तीसेक गिझर एकदम चालू. दुसऱ्या दिवशी दोन-तीन गिझर. हे गिझर बंद करायचं बटण नसतं. उष्णता बाहेर नेली नाही तर ती गाभ्यातच साठत जाते.

आमच्या लोकांनी हे कसं निभावलं याचं सर्वांत मोठं उदाहरण नरोऱ्याचं. 31 मार्च 1993 ची पहाट, उत्तर प्रदेशातलं नरोरा अणुवीज केंद्र, युनिट 1. टर्बाइनची दोन पाती तुटली, मशीन हादरलं, जनरेटरमधला हायड्रोजन बाहेर पडून पेटला, आग केबलींमधून पसरली. ऑपरेटरांनी मिनिटाच्या आत भट्टी ट्रिप केली. पण केबली जळाल्यामुळे सगळी वीज गेली, डिझेल जनरेटरची वीजही पोहोचेना. कंट्रोल रूममध्ये धूर भरला, ती सोडावी लागली. सतरा तास केंद्रात वीज नव्हती. पंप बंद, पॅनेल अंधारात. त्या अंधारात काही जण बॅटरीचे टॉर्च घेऊन रिअ‍ॅक्टर बिल्डिंगच्या वर चढले आणि हाताने व्हॉल्व्ह उघडून न्यूट्रॉन शोषणाऱ्या बोरॉनचं द्रावण गाभ्यात सोडलं, म्हणजे भट्टी पुन्हा जागी होणार नाही. दुसरीकडे डिझेलवर चालणाऱ्या फायर पंपांनी, गाभ्याची उष्णता घेऊन वाफ करणाऱ्या स्टीम जनरेटरला पाणी दिलं. गाभ्याला इजा झाली नाही. आम्ही नंतर ट्रेनिंगला असताना हा प्रसंग मिनिटामिनिटाने शिकवला जायचा आणि वर्गात कोणी कुजबुजत नसे.

आता त्या रात्री नेमकं कशाने वाचवलं ते पाहा. बोरॉन वरून खाली आलं, कारण टाकी वर होती. पंप बंद असताना गाभ्यातलं जड पाणी फिरत राहिलं, कारण गरम पाणी हलकं होऊन वर चढतं आणि वरच्या स्टीम जनरेटरमध्ये निवून खाली येतं. याला थर्मोसायफन म्हणतात. दोन्ही ठिकाणी खरं काम गुरुत्वाकर्षणाने केलं. माणसांनी व्हॉल्व्ह उघडले आणि पाणी पुरवलं, ओढण्याचं-ढकलण्याचं काम पृथ्वीने केलं. आमची सगळी आणीबाणीची तयारी या एका भरवशाच्या सोबत्यावर उभी आहे. यानात हा सोबती नाही. गरम द्रव वर चढणार नाही, कारण वर नाही. टाकी उंचावर ठेवून उपयोग नाही, कारण उंची नाही. पंप थांबला की द्रव जिथल्या तिथे. या प्रश्नाचा गाभा मला विचाराल तर हाच आहे.

मग तिथे त्याच्या जागी काय? दोन उपाय सिद्ध झालेले आहेत. स्नॅप-10एमध्ये सोडियम-पोटॅशियमचा द्रव फिरत होता आणि त्याला ढकलणारा पंप विद्युतचुंबकीय होता. फिरणारा भाग एकही नाही, आणि त्याला लागणारी वीज भट्टीच्या उष्णतेतूनच तयार होत होती. जोवर भट्टी गरम, तोवर पंप चालू. ही कल्पना मला फार सुंदर वाटते. ज्या उष्णतेची भीती, तिलाच कामाला लावलं. दुसरा उपाय हीट पाइपचा. धातूची बंद नळी, आत थोडा सोडियम, आणि नळीच्या आतल्या अंगाला जाळीसारखं अस्तर. गाभ्याकडच्या टोकाला सोडियम उकळतो, वाफ थंड टोकाला जाते, तिथे तिचा द्रव होतो, आणि दिव्याची वात तेल ओढते तसं ते अस्तर द्रवाला परत गरम टोकाकडे ओढतं. वातीला गुरुत्वाकर्षण लागत नाही.

नेवाडात मार्च 2018 मध्ये नासाने आणि अमेरिकेच्या अणुऊर्जा यंत्रणेने अशी एक छोटी भट्टी 28 तास चालवली. तिचं नाव क्रस्टी. चाचणी चालू असताना त्यांनी मुद्दाम बिघाड घडवले: उष्णतेतून वीज बनवणारी इंजिनं बंद पडल्यासारखी परिस्थिती केली, हीट पाइप निकामी झाल्यासारखं केलं, आणि शेवटी सगळं शीतकरणच काढून घेतलं. दर वेळी गाभा थोडा तापला, तापल्यामुळे प्रसरण पावला, प्रसरण पावल्यामुळे न्यूट्रॉन जास्त निसटले आणि भट्टीची शक्ती आपोआप खाली आली. ऑपरेटरला हात लावावा लागला नाही. लहान भट्टीचा हा मोठा फायदा. तिची शेष उष्णता इतकी कमी असते की ती गाभ्याच्या बाहेरच्या पृष्ठभागातूनही निघून जाऊ शकते. मात्र एक बारकावा माझ्या नजरेतून सुटला नाही: क्रस्टीमध्ये परावर्तक खालून वर उचलून भट्टी सुरू करत आणि खाली सोडून बंद करत. म्हणजे तिथेही जमिनीची मदत होतीच. यानात ती जागा स्प्रिंग आणि मोटर घेतील.

निर्वातात उष्णता बाहेर जाण्याचा मार्ग एकच, प्रारण. रेडिएटरचे पत्रे तापतात आणि काळ्याकुट्ट आकाशाकडे उष्णता फेकतात. किती फेकतात हे तापमानाच्या चौथ्या घातावर ठरतं. 800 केल्व्हिनला आदर्श पत्रा दर चौरस मीटरला सुमारे 23 किलोवॉट फेकतो, 400 केल्व्हिनला जेमतेम दीड. पूर्ण शक्तीसाठी बांधलेला रेडिएटर शेष उष्णतेला पुरून उरतो, तेव्हा भीती वेगळ्या दोन गोष्टींची. एक म्हणजे गाभ्यापासून रेडिएटरपर्यंतची वाट तुटणं: वाळूच्या कणाएवढ्या उल्केने नळीला भोक पाडलं की शीतक, म्हणजे उष्णता वाहून नेणारा द्रव, बाहेर. यासाठी एका मोठ्या नळीऐवजी शेकडो स्वतंत्र बंद हीट पाइप लावतात, एक फुटला तर एकच जातो. दुसरी गोष्ट जमिनीवरच्या माणसाच्या चटकन ध्यानात येत नाही. रेडिएटर फार चांगलं काम करतो! शेष उष्णता घटत गेली की नळ्यांमधला धातू थिजू लागतो. सोडियम 98 अंश सेल्सिअसला गोठतो, लिथियम 180 ला. आम्ही जन्मभर भट्टी तापू नये म्हणून जागलो. यानातल्या ऑपरेटरला पहिल्या तासात तापण्याची आणि चौथ्या दिवशी गोठण्याची काळजी करायची आहे. थिजलेली नळी एका टोकाकडून हळूहळू वितळवावी लागते. मधूनच वितळली तर फुगणाऱ्या धातूला जागा मिळत नाही आणि नळी फाटते.

यानंतर मी सर्वांत जास्त वेळ ज्या गोष्टीवर घालवीन ती म्हणजे काटे, मीटर. 25 जून 1965 ची घटना सांगतो. नेवाडातच अणुरॉकेटची भट्टी फीबस-1ए जमिनीवर चालवून पाहत होते. अशा इंजिनात द्रव हायड्रोजन गाभ्यातून जातो. तोच इंधनासारखा मागे फेकला जातो आणि तोच गाभ्याला थंड ठेवतो. भट्टी 1000 मेगावॉटच्या वर सुमारे साडेदहा मिनिटं छान चालली. मग हायड्रोजनच्या पातळीचे दोन मीटर दोन गोष्टी सांगू लागले. एक म्हणाला टाकी जवळपास रिकामी, दुसरा म्हणाला अजून पाव भरलेली. प्रखर किरणोत्साराने एक मीटर बिघडला होता. लोकांनी पाव भरलेली सांगणाऱ्यावर विश्वास ठेवला. टाकी रिकामी होत आली होती. हायड्रोजन संपला, दोन हजार अंशांच्या वर असलेला गाभा उघडा पडला आणि फुटला. इंधनाचा काही भाग बाहेर उडाला, उरलेल्यातलं बरंचसं वितळलं. माणसं दूर होती म्हणून कोणाला इजा झाली नाही.

तिथे बसलेल्यांना मी दोष देणार नाही. चाचणी चांगली चाललेली असते, आणखी मिनिटभर डेटा हवा असतो, आणि दोन मीटरपैकी एक आपल्या मनासारखं बोलत असतो. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात 1979 च्या अपघातात हेच झालं: पॅनेलवरचा दिवा व्हॉल्व्ह बंद झाल्याचं भासवत होता, प्रत्यक्षात तो दिवा फक्त बंद होण्याचा हुकूम गेल्याचं सांगत होता.

माझ्या उमेदवारीच्या वर्षांत एका रात्रपाळीला एका पंपाच्या बेअरिंगचं तापमान अचानक चढलेलं दिसलं. मी पंप थांबवायला हात पुढे केला, तर शिफ्टचे साहेब शांतपणे म्हणाले, ‘‘थांब. दुसरा साक्षीदार कोण?’’ मी गोंधळलो. त्यांनी कंपनाचा मीटर दाखवला, तेलाचं तापमान दाखवलं, मोटरचा करंट दाखवला. तिन्ही जागच्या जागी. फोनवरून फील्डच्या माणसाला विचारलं, त्याने बेअरिंगच्या कव्हरला हात लावून सांगितलं, नेहमीसारखंच आहे. बिघडला होता तो सेन्सर. पण साहेबांनी पुढे जे सांगितलं ते जास्त महत्त्वाचं: साक्षीदार मिळाला नाही, तर वाईट बातमी सांगणारा मीटर खरा धरायचा आणि तसं वागायचं. फीबसच्या खोलीत हाच नियम हवा होता. यानात फील्डचा माणूस हात लावून बघू शकत नाही, म्हणून साक्षीदार आधीच बसवलेले हवेत, आणि ते एकाच जातीचे नकोत. पातळी मोजायची तर एक मीटर पातळीचा, दुसरा वजनाचा किंवा दाबाचा. एकाच किरणोत्साराने दोघे एकदम खोटं बोलू नयेत.

हात लावून का बघू शकत नाही, ते सांगतो. जमिनीवर आम्ही भट्टीभोवती मीटरभर जाडीच्या काँक्रीटच्या भिंती बांधतो. यानाला ते वजन परवडत नाही. म्हणून भट्टी लांब दांड्याच्या टोकाला ठेवतात आणि माणसांच्या बाजूला फक्त एक जाड चकती उभी करतात. स्नॅप-10एमध्ये ती लिथियम हायड्राइडची होती. छत्रीची सावली पडावी तशी त्या चकतीची सावली यानावर पडते. सावलीत तुम्ही सुरक्षित, बाहेर भट्टी उघडी. किती उघडी? सोव्हिएत उपग्रहांवरच्या चालू भट्ट्यांचे गॅमा किरण सूर्याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेच्या सोलर मॅक्स उपग्रहाने कित्येक किलोमीटर अंतरावरून टिपले होते. भट्टी बंद केली की न्यूट्रॉन थांबतात, पण तुकड्यांचे गॅमा किरण चालूच राहतात. म्हणून स्पेससूट घालून दांड्यावरून सरकत भट्टी बघायला जाणारा शूर वीर मी माझ्या शिफ्टमधून पाठवणार नाही. यान वळवायचं असेल तेव्हाही दांडा वाकून सावली सरकत नाही ना हे आधी बघायचं.

यातूनच गाभा फेकून देण्याच्या प्रश्नाचं उत्तर निघतं. फेकता येतो, फेकलेलाही आहे. सोव्हिएत संघाचा कॉसमॉस 954 उपग्रह 24 जानेवारी 1978 रोजी भट्टीसकट कॅनडाच्या वायव्य भागात कोसळला. काम संपल्यावर भट्टी उंच कक्षेत ढकलायची योजना होती, ती फसली. बर्फाळ प्रदेशात शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात किरणोत्सारी तुकडे विखुरले, ते शोधायला कॅनडा आणि अमेरिकेची माणसं महिनोन्‌महिने राबली, आणि पुढे सोव्हिएत संघाने 30 लाख कॅनडियन डॉलर भरपाई दिली. त्यानंतरच्या उपग्रहांत गाभा वेगळा काढून फेकायची सोय केली. कॉसमॉस 1402 मध्ये तीच वापरावी लागली. फेब्रुवारी 1983 मध्ये त्याचा गाभा दक्षिण अटलांटिकवर वातावरणात शिरला. 1988 मध्ये कॉसमॉस 1900 शी संपर्क तुटला, महिनोन्‌महिने जग श्वास रोखून बसलं, आणि 30 सप्टेंबरला यंत्रणेने आपणहून भट्टी उंच कक्षेत ढकलली. जमिनीवरून कोणी बटण दाबलं नव्हतं. अशी स्वयंचलित राखीव यंत्रणा हवीच.

पण हे सगळे निर्मनुष्य उपग्रह होते. मंगळाच्या वाटेवर गाभा फेकायचा तर आधी विचार करा: जोडलेला असताना गाभा चकतीच्या सावलीमागे होता. सुटल्यावर तो चकतीच्या आडून सरकला की यान उघडं पडतं. सेकंदाला एक मीटर वेगाने ढकलला तर पहिल्या मिनिटात तो फक्त साठ मीटर दूर जातो. तासाभराने साडेतीन किलोमीटर, तेव्हा अंतरामुळेच मारा हजारो पटींनी कमी झालेला असतो. धोका त्या पहिल्या मिनिटांतला आहे. म्हणून फेकायचाच असेल तर चकतीसकट, दांड्याच्या सरळ रेषेत, आणि गिरक्या न घेता. पृथ्वीच्या कक्षेत तर आणखी पेच: हळू ढकललेली वस्तू एका फेरीनंतर तुमच्याजवळ परत येऊ शकते. आणि फेकून मिळवलं काय? बंद पडलेली, पण चकतीमागे शांत बसलेली भट्टी फेकण्याचं कारण मला सापडत नाही. वीज मात्र कायमची गेली.

वीज जाणं हीच यात्रींची खरी आणीबाणी. आमच्याकडे भट्टी सुरक्षित बंद झाली की अर्धी लढाई जिंकली, शहराला दुसरीकडून वीज मिळते. यानात हवा शुद्ध करणारं यंत्र, तापमान, संपर्क, सगळं तिच्यावर. तेव्हा माझ्या कागदावर क्रम असा राहील: भट्टी बंद झाल्याची न्यूट्रॉनच्या दोन वेगळ्या मीटरवर खात्री, उष्णतेची वाट चालू आहे याची खात्री, मग लगेच अनावश्यक लोड तोडणं, म्हणजे बॅटरी हवेसाठी आणि शीतकाच्या हीटरसाठी उरेल. सौरपत्रे राखीव असतील तर ते उघडणं. पृथ्वीला निरोप पाठवायचा, पण उत्तराची वाट बघत बसायचं नाही. मंगळाच्या अंतरावर निरोप एका दिशेने जायलाच तीन ते बावीस मिनिटं लागतात. पहिल्या तासातले सगळे निर्णय यानातच होतात. कारण सापडल्याशिवाय आणि ते लिहून काढल्याशिवाय भट्टी पुन्हा सुरू करायची नाही, मग अंधारात दोन दिवस काढावे लागले तरी चालेल.

तेव्हा हो, यात्रींमध्ये अणुभट्टीचा माणूस हवा, आणि एक पुरणार नाही. आमच्याकडे एक जण कार्यपद्धती मोठ्याने वाचतो, दुसरा स्विचवर बोट ठेवून तेच नाव उच्चारतो, पहिला ‘बरोबर’ म्हणतो, मगच स्विच फिरतो. पहाटे साडेतीनला, झोपेने डोळे जड झालेले असताना, या एका ‘बरोबर’ने किती चुका थांबवल्या ते मी स्वतः पाहिलं आहे. यानातही रात्रपाळीला दोघं जागी असावीत, आणि दोघांपैकी एकाच्या खिशात बॅटरीचा टॉर्च असावा.